उजवा ठिपका

थेंबनाना हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. गाड्या रंगवायच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं रंग जुळवायचं काम केलं, दर डब्यावर वाकून ‘अजून एक थेंब’ म्हणायची सवय लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि नोकरी संपली तेव्हा निरोपाच्या पाटीवरही तेच लिहून मोकळे झाले. नानांना त्याचं काही वाटलं नाही. कामच तसं होतं. कुणाची तरी गाडी कुठंतरी आपटायची, तिला एक दार नवं बसायचं, आणि ते दार उरलेल्या गाडीशी असं जुळवायचं की मालकानं चारी बाजूंनी फिरून विचारावं, ‘यातलं नवं कुठलं?’ एवढं ऐकलं की नानांना त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जायचं.

कारखान्यात रंगाच्या बाबतीत एक नियम होता. फोरमन जुना माणूस, जिभेचा तिखट, त्यानं घालून दिलेला. जो मिसळेल त्यानं पास करायचं नाही. कारण साधं होतं. तासभर एकाच रंगाकडे बघत बसलं की डोळा त्या रंगाच्या ओळखीचा होतो, आणि ओळखीच्यांची खोड दिसेनाशी होते. म्हणून पत्र्याच्या पट्टीवर रंग ओढून झाला की मिसळणारा दाराकडे पाठ करून उभा राहायचा आणि बाहेरून कुणालातरी हाक मारायची. पत्रा ठोकणारा असो, कारकून असो, झाडणारी बाई असो. त्याला म्हणायचे ‘ताजा डोळा’. ताज्या डोळ्यानं उजेडात पट्टी गाडीला लावून तीन मोजेपर्यंत बघायचं आणि सांगायचं, पास. नाहीतर कुणीकडे गेला ते सांगायचं. लालकडे, पिवळ्याकडे, काळ्याकडे. तीनच्या पुढं मोजायचं नाही. चौथ्याला माणूस स्वतःची समजूत घालायला लागतो, असं फोरमनचं म्हणणं. मग डब्याच्या झाकणावर दोन ठिपके पडायचे. डावा मिसळणाऱ्याचा, उजवा पास करणाऱ्याचा. दोन ठिपके नसतील तर डबा फवारायच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

नानांनी हा नियम घरीही आणला. सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या दारात यायच्या, आणि ताजा डोळा म्हणून घरात बायको होतीच. ती रफूचं काम करायची. भोक पडलेल्या कोटात असा धागा भरायची की कोट घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. रंगाच्या बाबतीत तिचा डोळा नानांच्या वरचढ होता आणि दोघांनाही ते माहीत होतं. बोलून दाखवायचं काम मात्र तिचंच. नाना ओरडायचे, “अगं, बघ जरा.” ती मोरीतून ओल्या हातानं बाहेर यायची, तीनसुद्धा मोजायची नाही, “पिवळट,” म्हणायची आणि आत निघून जायची. का, कसं, किती, काही नाही. नाना अर्धा तास स्वतःशी भांडायचे आणि मग मुकाट्यानं थेंब टाकायचे. ती गावाला गेली असेल तर मुलीला स्टुलावर उभं करायचं. मुलगी पहिलीत होती तेव्हापासून झाकणावर उजवा ठिपका द्यायला शिकली. शाळेत बाई फळ्यावर कुठल्या रंगाचा खडू आहे विचारायच्या, तर ही सांगायची, “पांढरा आहे, पण जरा लालकडे गेलाय.”

बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात, नोकरी, दोन लेकरं, दर रविवारी फोन. नाना वस्तीच्या शेवटच्या घरात. बस जिथून वळून माघारी जाते तिथून पुढं वीस मिनिटं चालायचं, आणि नानांचा डावा गुडघा दहाव्या मिनिटाला संप पुकारायचा. त्यामुळं गाडी ही हौस नव्हती. गाडी होती म्हणून मंगळवारी बाजार होता, गुरुवारी वाचनालय होतं, आणि रोज सकाळी जुन्या कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसणं होतं. टपरीवर आता ओळखीचं कुणी यायचं नाही. एकजण मुलाकडे गेला, एकजण वर गेला, फोरमन तर केव्हाच गेला. पण चहावाला “नेहमीचा?” असं विचारायचा, आणि नाना “नेहमीचा” म्हणायचे. एका पावसाळी आठवड्यात गाडी गॅरेजात होती, तेव्हा नानांनी रिकामपणात आपण तोंडानं बोललेली वाक्यं मोजली. रविवारचा फोन सोडून सात दिवसांत अकरा भरली. त्यातली चार दूध उतू गेलं तेव्हा दुधाला उद्देशून होती.

गाडी पांढरी, बारा वर्षांची. उन्हानं मूळचा पांढरा आता सायीच्या रंगावर आला होता. इंजिन ठणठणीत. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या दारावर पाच ओरखडे होते, एकाखाली एक, वहीवर रेघा माराव्यात तसे. ते फाटकाच्या खांबाचे होते. पहिला ओरखडा गेल्या वर्षी पडला, दिवस मावळताना गाडी आत घेताना. नानांनी खांबाला दोन शिव्या घातल्या. दुसरा पडला तेव्हा त्यांना वाटलं, खांब खचून आत सरकला असावा. टेप आणून फाटक मोजलं. घर बांधलं तेव्हा जेवढं होतं तेवढंच भरलं, बोटभरही कमी नाही. नानांनी टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि तो विषय तिथंच बंद केला. पुढचे तीन ओरखडे त्यांनी मोजले नाहीत, पण ते होते.

मुलीनं विचारलं तेव्हा नानांनी सांगितलं, बाजारात कुणीतरी घासून गेलं. पाची वेळा तेच सांगितलं. बाजारातल्या लोकांना मुलीनं भरपूर नावं ठेवली.

मग एका रविवारी तिनं नवीनच काढलं. ही गाडी मोडून छोटी घ्या, बिनगिअरची. क्लच नको, गुडघ्याला त्रास नको. जुनी गाडी घेऊन नवी देणारं दुकान तिनं हुडकून ठेवलं होतं, पुढच्या शुक्रवारची वेळही घेतली होती. नाना खूष झाले, पण म्हणाले, आधी दार रंगवून घेतो. मुलगी म्हणाली, मुळीच नको. जावयानं चौकशी केलीय, ओरखडे असले तर असू द्या, दुकानवाले त्याचं फार बघत नाहीत, त्यांच्याकडे त्यांची माणसं असतात.

“रंगवाल्याची गाडी ओरखड्यांसकट मोडीत न्यायची?” नाना म्हणाले.

“बाबा, तिथं तुम्हाला कोण ओळखतंय?”

ती वाईट हेतूनं म्हणाली नव्हती. पण नानांना ते असं लागलं की ते थोडा वेळ बोललेच नाहीत. त्या गप्प बसण्यातून मुलीला भलतंच सुचलं. तिनं आवाज खाली आणून विचारलं, ओरखडे तुमच्याच हातून पडलेले नाहीत ना? तसं असेल तर नव्या गाडीचं नावच काढायचं नाही. आठवड्यातून दोनदा टॅक्सी लावून देते, बाजार करा, घरी या.

“बाजारवाल्यांनी पाडलेत म्हटलं ना,” नाना म्हणाले, आणि कुकर लागलाय असं सांगून फोन ठेवला. कुकर लागलेला नव्हता. टॅक्सी बाजारात जाईल, पण टपरीवर नुसतं बसायला टॅक्सी कोण करतं? त्यांना डोळ्यांपुढं त्या पावसाळी आठवड्याचं गणित दिसलं: आठवड्याला अकरा वाक्यं, चार दुधाची.

आता दार रंगवणं ही नुसती अब्रूची गोष्ट राहिली नाही. दुकानात गाडी तपासताना कुणी विचारलं, ओरखडे कशाचे, आणि तपासणीचा कागद मुलीकडे गेला, तर पाच समांतर रेघा बाजारात पडत नाहीत एवढं तिला कळत होतं. रंगवाल्याची लेक होती ती.

सोमवारी सकाळी नानांनी माळ्यावरची पेटी उतरवली. ब्रश, सुऱ्या, पॉलिश पेपर, छोटा फवारा, आणि रंगाच्या बाटल्या, प्रत्येकीला फडक्याचं टोपडं. अंगणात उत्तरेच्या भिंतीला टेबल लावलं. रंग उत्तरेच्या उजेडात बघावा, सूर्य थेट आला की तो खोटं बोलायला लावतो. पांढरा हा रंगांतला सगळ्यात अवघड. लोकांना वाटतं, पांढऱ्यात काय ठेवलंय. पांढऱ्यात लपायला जागा नसते.

नानांनी पांढऱ्यात पिवळा टाकला, सुईच्या टोकाएवढा काळा टाकला, आणि जरा उबदारपणा जास्त झाला म्हणून तो मागं ओढायला निळा घेतला. निळा एरवी आगाऊ. अर्धा थेंब पडला तरी डबाभर बोंब मारतो. त्या दिवशी तो मुका होता. नानांनी एक थेंब टाकला, ढवळला, पट्टीवर ओढला, दाराला लावून बघितला. काहीच फरक नाही. दुसरा टाकला. फरक नाही. नानांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली, वास घेतला. सहा वर्षं माळ्यावर पडलेली बाटली, जोर गेला असणार, असं त्यांनी ठरवलं. एकोणतीस वर्षं ज्यानं हजारो डबे जुळवले त्यानं बाटलीवर शंका घ्यावी हे अगदी साहजिक होतं. तिसरा टाकला, चौथा टाकला. सहाव्या थेंबाला नानांना वाटलं, हां, आता आला जागेवर. पट्टी दारावर धरली तर दोन्हींमधली रेघ दिसेना. त्यांनी झाकणावर डावा ठिपका दिला.

आणि मग नेहमीसारखे दाराकडे पाठ करून उभे राहिले.

क्षणभरच. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं आणि ते उगाच फडकं झटकू लागले.

शेजारी काटेसाहेब होते. दुकानांची वजनं-मापं तपासायच्या खात्यात आयुष्य गेलेलं, म्हणून काटेसाहेब. तोळाभर कमी भरणाऱ्या किती तराजूंना त्यांनी सील ठोकलं असेल त्याची गणती नाही. ते झाडांना पाणी घालत होते. नानांनी कुंपणापाशी जाऊन बोलावलं, जरा रंग बघता का. काटेसाहेब आले. पट्टीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, नानांच्या तोंडाकडे बघितलं, परत पट्टीकडे. दहा तरी मोजून झाले असतील.

“छान आहे की,” ते म्हणाले. “तुमच्या कामात आम्ही काय बोलायचं, नाना?”

नानांनी आभार मानले. पण उजवा ठिपका दिला नाही. ‘छान’ म्हणजे पास नव्हे. ‘छान’ पाहुणे म्हणतात.

मंगळवारी वीजमीटर बघणारा आला. नाना चप्पल शोधेपर्यंत तो पुढच्या गल्लीत. दुपारी औषधांचं पार्सल घेऊन आलेल्या बाईनं ते फाटकाला अडकवलं, घंटा वाजवली आणि नाना बाहेर येईस्तोवर स्कूटरचा नुसता धूर राहिला. चहावाल्याला विचारायचं म्हणून पट्टी खिशात घालून टपरीवर गेले, तर तिथं गर्दी होती, आणि चहावाल्यानं पट्टी हातात घेऊन विचारलं, हे काय, सुट्टे नाहीत का. लोक हसले. नानाही हसले. पट्टी परत खिशात गेली. मुलीला फोटो पाठवावा असं एकदा मनात आलं. पण फोनच्या डोळ्याला रंगातलं काय कळतं, आणि शिवाय फोटोत दार दिसलं असतं, दारावर पाच रेघा दिसल्या असत्या.

बुधवार उजाडला. शुक्रवारी जायचं तर रंग वाळायला एक दिवस हवा. नानांनी मग जे केलं ते सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांनी पट्टी दाराला चिकटवली, घरात गेले, मोरीत तोंड धुतलं, पलंगावर बसून डोळे गच्च मिटले आणि शंभरपर्यंत मोजलं. कारखाना आठवायचा नाही, रंग आठवायचा नाही, आपण मिसळलंय हेही आठवायचं नाही. मग उठून, ओल्या हातानं, मोरीतून बोलावल्यासारखे, भराभरा बाहेर आले. स्वतःलाच बेसावध गाठावं तसे. एक, दोन, तीन.

“पास,” नाना मोठ्यानं म्हणाले.

कुंपणापलीकडे काटेसाहेबांनी मान वर केली आणि परत खाली घातली. नानांनी ब्रशचं टोक बुडवून झाकणावर उजवा ठिपका दिला. तो डाव्यापेक्षा जरा मोठा पडला.

पुढचं काम हातांचं होतं आणि हात कुठंच चुकले नाहीत. ओरखडे घासले, खाचांत लांबीची पुट्टी भरली, वाळल्यावर परत घासली, अस्तर मारलं, कागद चिकटवून काचा झाकल्या आणि फवारा धरला. संध्याकाळी दार असं गुळगुळीत झालं की त्यात समोरच्या तारेवरचे कावळे मोजता आले असते. नाना गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि उगाचच म्हणाले, “यातलं नवं कुठलं?” तारेवरचा एक कावळा उडाला.

शुक्रवारी दहा वाजता नाना दुकानात पोचले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. गाड्या तपासणारी बाई मुलीच्याच वयाची होती. हातात पाटीसारखा फोन आणि रंगाचा थर मोजायचं एक छोटं यंत्र. “बसा काका, पाणी घ्या,” म्हणाली, पण नाना बसले नाहीत, तिच्या मागं मागं फिरले. टायर झाले, इंजिन झालं, डिकी झाली. उजवी बाजू झाली. ती डाव्या बाजूला आली आणि तीन पावलांवरूनच थांबली. जवळ जाऊन तिनं ते यंत्र दाराला लावलं, बाजूच्या पत्र्याला लावलं, परत दाराला लावलं.

“हे दार परत रंगवलंय, काका. कधी आपटली होती?”

नानांनी सांगितलं, आपटली वगैरे नाही, नुसते ओरखडे होते, बाजारात पडलेले.

बाई समजुतीनं बोलली. ओरखडे तसेच आणले असते तर आम्ही फारसं बघितलंही नसतं, आमच्याकडे पॉलिशवाले आहेत. पण रंगवून आणलेलं दार म्हटलं की खाली काय झाकलंय ते आम्हाला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून किंमत उतरवावी लागते. शिवाय रंगही जुळलेला नाही. दार वेगळं दिसतंय.

“रंग बरोबर आहे,” नाना म्हणाले.

“ज्यानं हे करून दिलंय ना काका, त्याच्याकडून पैसे परत घ्या. फिनिशिंग एक नंबर आहे, हात चांगला आहे त्याचा. पण रंगातलं त्याला ओ का ठो कळत नाही.”

तिनं हे नानांची बाजू घेऊन सांगितलं, फसलेल्या म्हाताऱ्याला सांगावं तसं. नाना दाराकडे बघत राहिले. पुढचं दार, मागचं दार. पुढचं दार, मागचं दार. एकच रंग. ते मागं सरकले, वाकले, बाजूनं बघितलं. एकच रंग.

“कुणीकडे गेलाय?” त्यांनी विचारलं.

बाईला कळलं नाही.

“म्हणजे कुठल्या रंगाकडे झुकलाय?”

“निळ्याकडे. चांगलाच.”

नानांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, त्यांना जरा बोलवाल का. बाईला घाई होती, पण तिनं हाक मारली. पहारेकरी आला, जाडजूड माणूस, तोंडात काहीतरी चघळत. नाना गाडीकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, तीन मोजेपर्यंत बघा आणि काय वेगळं दिसतंय ते सांगा. पहारेकऱ्यानं बाईकडे बघितलं. बाईनं खांदे उडवले.

त्यानं तीन मोजलेच नाहीत. “मागचं दार निळसर आहे,” तो म्हणाला. “का, चोरीचं आहे?”

“नाही,” नाना म्हणाले. “माझंच आहे.”

बाईनं विचारलं, कागद करू का या किमतीला. नाना म्हणाले, आज राहू द्या. ती म्हणाली, काका, बरं वाटतंय ना तुम्हाला, पाणी आणू का. या वेळी ते पाणी प्यायले.

घरी येताना नानांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. मागच्यांनी भोंगे वाजवले, एकानं खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी म्हटलं. नाना डावीकडून गाडी चालवत राहिले. रस्ता त्यांना दिसत होता. गाड्या, माणसं, पाट्या, सगळं दिसत होतं. नाही म्हणायला सगळंच जरा पिवळट, जुन्या फोटोतल्यासारखं दिसत होतं, पण ते कधीपासून, हे त्यांना सांगता आलं नसतं. निळ्या बाटलीचा जोर गेला नव्हता, एवढं कळलं होतं.

फाटक आलं तसे त्यांनी गाडी बाहेरच लावली. खांबाकडे बघितलं. खांबावर गाडीच्या उंचीला जुन्या पांढऱ्या रंगाच्या पाच खुणा होत्या. कुणीही येऊन वाचाव्यात अशा.

काटेसाहेब बाहेर होते. नाना कुंपणापाशी गेले आणि या वेळी त्यांना गाडीकडे नेलं नाही, तिथूनच विचारलं.

“काटेसाहेब, दार कसं दिसतं? तराजू तपासताना सांगायचात तसं सांगा.”

काटेसाहेबांनी पाण्याची झारी खाली ठेवली. “नीळ जास्त झालेल्या शर्टासारखं,” ते म्हणाले. “सोमवारीच दिसलं होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढे रंगवाले. मला वाटलं, वाळल्यावर जुळत असेल. आणि खरं सांगू, तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी विचारायला आला होता. उगाच नाही कशाला म्हणा.”

बारा वर्षांत त्या कुंपणावरून पाणी कधी येणार आणि कधी गेलं याच्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. मग काटेसाहेबांनी विचारलं, डोळे कधी दाखवले होते. नानांनी आठवून बघितलं. बायको होती तेव्हा. तिनंच नेलं होतं. नंतर कुणी म्हटलं नाही, आणि आपणहून जावं असं काही दुखत नव्हतं.

नाना घरात आले. शुक्रवार होता. रविवारपर्यंत दोन दिवस काढता आले असते, काहीतरी रचता आलं असतं. दुकानवाल्यांनी भाव पाडला, माणसं बरी नव्हती, असं काहीही. ते अंगणात जाऊन रंगाचा डबा घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि फोन लावला. मुलगी कामावर होती. मागं पंख्यांची घरघर आणि कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं.

“काय झालं, बाबा? आज कसा फोन?”

नानांनी सांगितलं, दार रंगवलं होतं. तिनं सुस्कारा सोडला. नाना म्हणाले, जुळलं नाही. मागचं हसणं लांब गेलं, ती उठून कुठंतरी बाजूला गेली असावी.

“कुणीकडे गेला?” तिनं विचारलं.

“निळ्याकडे.”

“किती?”

“पहारेकऱ्याला लांबून दिसला.”

मग तिनं सावकाश, लहानपणी स्टुलावर उभी राहून बोलायची तशा आवाजात विचारलं, “बाबा, उजवा ठिपका कुणाचा आहे?”

नानांनी झाकणाकडे बघितलं.

“माझाच,” ते म्हणाले. “कुणी नव्हतं.”

तिकडून ती रडते की काय याची नानांना धास्ती वाटली, म्हणून ते लगेच पुढचं बोलले. बाजारवाल्यांची काही चूक नाही म्हणाले, खांबच आहे तो, पाचही वेळा. गाडी बाहेर लावलीय. डोळे दाखवून होईपर्यंत हलवणार नाही. सोमवारी काटेसाहेब त्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. शेवटचं खोटं होतं, काटेसाहेबांना अजून विचारलेलं नव्हतं, पण विचारायचं ठरलं होतं.

मुलगी रागावली नाही. टॅक्सीचं नावही काढलं नाही. डॉक्टर काय म्हणतो ते सोमवारीच कळवा, रविवारची वाट बघू नका, एवढंच म्हणाली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

नानांनी फडक्याला थिनर लावला आणि झाकणावरचा उजवा ठिपका पुसला. डावा राहू दिला. तो खरा होता. मग चप्पल घालून ते काटेसाहेबांच्या फाटकाकडे निघाले, सोमवारचं विचारायला, आणि जाताना खिसा चाचपून बघितला, गाडीची किल्ली घरातच राहिली होती.